ग्राफ्ट मऊ झाला, पण नेमकं काय कापलं गेलं?

बायोमटेरियल्समध्ये पीएचडी करू इच्छिणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य थोड्याफार फरकाने वारंवार दिसतं : "प्राण्यांच्या ऊतींवर एन्झाइमची प्रक्रिया करून त्यांचे यांत्रिक गुणधर्म सुधारणे." वाक्य ऐकायला छान आहे. पण पेटच्या मुलाखतीत समितीतल्या कोणी विचारलं, "सुधारणे म्हणजे काय? मऊ करायचं की ताठ? कुठल्या दिशेने? आणि किती वर्षं टिकायला हवं?" तर उत्तर तयार हवं. आजचा लेख त्या तयारीसाठी आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. एन्झाइम ऊतीला मऊ करत नाही. ते ऊतीतला एक ठरावीक घटक कापतं. मऊपणा हा त्याचा परिणाम असतो, आणि तो दर वेळी मिळेलच असंही नाही. म्हणून या विषयातला प्रत्येक प्रयोग दोन प्रश्नांवर उभा असतो. काय कापलं? आणि जे कापलं, ते शरीरात कुठला भार उचलत होतं?

ग्राफ्ट लागतो कुणाला?

आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर बाइक घसरून गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला माणूस, पॉवर प्रेसमध्ये बोटं सापडलेला कामगार, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे शेजारचे काका. या तिघांनाही कधी ना कधी ग्राफ्टची गरज पडू शकते. पहिल्याला लिगामेंटच्या जागी दोरीसारखी ऊती हवी, दुसऱ्याला तुटलेली कंडरा किंवा नस जोडणारा तुकडा हवा, तिसऱ्याला सुया टोचता येतील अशी नळी हवी.

शक्य असेल तिथे डॉक्टर रुग्णाचीच ऊती वापरतात. गुडघ्याच्या एसीएलसाठी मांडीमागची कंडरा काढून तिथे बसवणं हे आता नेहमीचं झालं आहे. पण स्वतःची ऊती पुरेशी नसेल किंवा आधीच वापरून झाली असेल, तर दुसऱ्या माणसाची किंवा प्राण्याची ऊती लागते. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते. दात्यांकडून मिळालेलं हाड, प्रसूतीनंतरचं गर्भवेष्टन अशा ऊती स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तिथून पुरवल्या जातात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने 'ऊती' हा शब्दही आला, आणि टिश्यू बँका कायद्याच्या चौकटीत आल्या.

आता भार किती असतो ते बघा. तरुण माणसाचा एसीएल तुटायला साधारण २१६० न्यूटन बल लागतं, असं १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आढळलं होतं. म्हणजे जवळपास २२० किलो वजन टांगण्याइतकं. त्या जागी बसवायच्या ग्राफ्टवर तुम्ही एन्झाइम टाकणार आहात. काय कापलं जातंय हे माहीत नसेल, तर टाकू नका.

ओढून बघितलं तर ऊती कशी वागते?

चाकण-भोसरीतल्या बऱ्याच कंपन्यांच्या क्वालिटी लॅबमध्ये यूटीएम असतं. नमुना दोन जबड्यांत पकडायचा, ओढायचा, आणि बल विरुद्ध लांबी असा आलेख काढायचा. स्टीलची पट्टी ओढली तर आलेख सुरुवातीलाच सरळ रेषेत वर जातो. कंडरा, हृदयावरण म्हणजे पेरिकार्डियम किंवा रक्तवाहिनी ओढली, तर आलेख आधी जवळजवळ आडवाच सरकतो. थोड्याशा बलाने ऊती बरीच ताणली जाते. मग आलेख वळतो आणि पुढे ताठ चढतो. आडव्या भागाला टो रीजन म्हणतात, चढत्या भागाला लिनिअर रीजन. शेवटी तंतू तुटायला लागतात.

असं का होतं, हे समजायला ऊतीतले तीन घटक पुरेसे आहेत.

पहिला घटक कोलॅजन. हे दोरखंड आहेत. पण आरामात असताना ते नागमोडी पडलेले असतात. ओढल्यावर आधी त्यांच्या लाटा सरळ होतात, तोवर ते फारसा भार घेत नाहीत. सरळ झाले की ताठ होतात. लिनिअर रीजन मुख्यतः त्यांचा.

दुसरा इलॅस्टिन. हा रबरासारखा ताणला जातो आणि परत येतो. कमी भाराला ऊतीला मूळ जागी आणण्याचं काम त्याचं.

तिसरा घटक ग्लायकोसअमिनोग्लायकॅन, थोडक्यात जीएजी. ऋण विद्युतभार असलेल्या साखरेच्या लांब साखळ्या. त्या पाणी धरून ठेवतात. कूर्चेला दाब सहन होतो तो बराचसा त्यांच्यामुळे.

एका जुन्या प्रयोगाची शिकवण

कुठला घटक कुठला भार घेतो, हे ठरवायचं कसं? तर एकेक घटक काढून बघायचं. १९५७ साली कॅनडात मार्गोट रोच आणि अ‍ॅलन बर्टन यांनी माणसाच्या इलिअॅक धमन्यांवर नेमकं हेच केलं. काही धमन्यांतलं इलॅस्टिन त्यांनी ट्रिप्सिनने काढलं, काहींतलं कोलॅजन फॉर्मिक आम्लाने. इलॅस्टिन गेलेली धमनी सुरुवातीचा लवचीकपणा हरवून बसली. कोलॅजन गेलेली धमनी जास्त ताणाला ताठ होईना. कमी ताणाला इलॅस्टिन, जास्त ताणाला कोलॅजन, हा निष्कर्ष आज प्रत्येक बायोमेकॅनिक्सच्या पुस्तकात असतो.

या प्रयोगात एन्झाइमने काहीही 'सुधारलं' नव्हतं. ते प्रश्न विचारायचं साधन होतं. नव्या संशोधकाने एन्झाइमकडे आधी याच नजरेने बघावं असं मला वाटतं. आधी त्याच्याकडून ऊतीबद्दल शिकायचं, मग त्याच्याकडून काम करून घ्यायचं.

कोण काय कापतं?

मटणाला कच्च्या पपईचा कीस लावतात, कारण पपईच्या चिकात पपेन असतं. पपेन फारसा भेदभाव करत नाही, बरीच प्रथिनं कापतं. म्हणून कीस जास्त वेळ राहिला तर मटणाचा लगदा होतो. प्रयोगशाळेत ऊतीतले जीएजी मोजायचे असतात तेव्हा आपण तिचा तुकडा याच पपेनमध्ये साधारण ६० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून पूर्ण विरघळवतो. ग्राफ्टसाठी मात्र निवडक कात्री लागते.

कोलॅजनेझ अखंड कोलॅजनचा तिहेरी पीळ कापू शकतं. ही कुवत फार थोड्या एन्झाइम्समध्ये आहे. भार उचलणारा मुख्य दोरच कापला जातो, म्हणून ग्राफ्टवर ते सर्वांत जपून वापरायचं.

पेप्सिन आणि ट्रिप्सिन अखंड पीळ सहसा कापत नाहीत, पण पिळाच्या टोकांची मोकळी शेपटं, म्हणजे टेलोपेप्टाइड, कापतात. शेजारचे दोर एकमेकांना जोडणाऱ्या गाठी बऱ्याचदा याच टोकांवर असतात. त्यामुळे "ट्रिप्सिन कोलॅजन तोडत नाही, म्हणजे ताकद कमी होणार नाही" हा तर्क चुकतो. दोर शाबूत राहतात, पण एकमेकांवरून घसरायला लागतात. शिवाय ट्रिप्सिन जीएजी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचा कणाही कापतं.

इलॅस्टेझ इलॅस्टिन कापतं. काँड्रॉइटिनेझ एबीसी आणि हायलुरॉनिडेझ जीएजीच्या साखळ्या कापतात. डीएनेझ उरलेला डीएनए कापतं. अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ प्राण्यांच्या पेशींवरची अल्फा-गॅल नावाची साखर काढतं. ती आपल्या शरीरात नसते, त्यामुळे प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते. शेवटच्या दोघांचा हेतू ताठपणा बदलणं हा नाही, पण प्रक्रिया चालू असताना यांत्रिक गुणधर्मही हलू शकतात, म्हणून मोजावे लागतात.

हेतू वेगळा असण्याचं आणखी एक उदाहरण नसेच्या ग्राफ्टचं. अमेरिकेत दात्याच्या नसेवर प्रक्रिया करून केलेला ग्राफ्ट मिळतो. त्यात काँड्रॉइटिनेझ वापरतात, कारण काही जीएजी नव्या चेतातंतूंची वाट अडवतात. तेच एन्झाइम कूर्चेवर टाकलं तर प्रश्न ताठपणाचा होतो. म्हणून सिनॉप्सिसमध्ये एन्झाइमचं नाव लिहिलं की लगेच पुढे हेतूही लिहा.

आधी कापायचं, मग बांधायचं

एन्झाइमने ऊतीचे यांत्रिक गुणधर्म बदलायचं तंत्र वैद्यकातून आलेलं नाही. ते चामड्याच्या धंद्यातून आलं. कातडं मऊ पडावं म्हणून पूर्वी ते कुत्र्याच्या किंवा कबुतराच्या विष्ठेच्या पाण्यात भिजवत. त्यातली एन्झाइम्स कोलॅजनच्या दोरांमधली इतर प्रथिनं काढून टाकत. १९०७ च्या सुमारास ऑटो र्‍योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विष्ठेऐवजी स्वादुपिंडातली एन्झाइम्स वापरायची पद्धत काढली. तिथून हे काम कारखान्यात मोजूनमापून व्हायला लागलं.

पण चांभार तिथे थांबत नाही. मऊ केलेलं कातडं तो कमावतो. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलं जातं. त्यांतले टॅनिन कोलॅजनच्या दोरांना एकमेकांशी बांधतात, आणि कातडं कुजत नाही.

ग्राफ्टमध्येही हाच क्रम आला. १९५६ साली नॉर्मन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या मानेतली धमनी फिसिनमध्ये टाकली. फिसिन म्हणजे अंजिराच्या चिकातलं एन्झाइम, पपेनचाच भाऊ. त्याने धमनीतल्या पेशी आणि स्नायू गेले, कोलॅजनची नळी उरली. मग ती डायअल्डिहाइड स्टार्चने कमावली, म्हणजे दोरांमध्ये नव्या गाठी मारल्या. या प्रकारच्या नळ्या पुढे बाजारात आल्या आणि डायलिसिससाठी आजही वापरल्या जातात.

पण या नळ्यांपैकी काही वर्षांनंतर फुगल्याच्या नोंदीही झाल्या. वैद्यकीय भाषेत अॅन्युरिझम. धमनीला धडधडीनंतर मूळ आकारात आणणारे घटक काढून टाकले, तर राहिलेल्या कोलॅजनवर सगळा भार येतो. गाठी कमी पडल्या किंवा शरीराने हळूहळू ते कोलॅजन खाल्लं, तर नळी फुगणार. पहिल्या दिवशीच्या टेन्साइल टेस्टमध्ये हे दिसत नाही.

गाठी मारण्याची कल्पना आपल्या भागात समजवायला सोपी आहे. टायर कारखान्यात कच्च्या रबरात गंधक घालून तापवतात, त्याने रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. हृदयाच्या कृत्रिम झडपांसाठी डुकराच्या झडपा किंवा गुरांचं पेरिकार्डियम वापरतात, तिथे हे काम ग्लुटाराल्डिहाइड करतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये अ‍ॅलन कार्पेंतिए यांनी ते रूढ केलं.

एक गाठ न बसलेला घटक

इथे एका पुणेरी धाग्याची ओळख करून देते. नरेन व्यवहारे हे नाव या क्षेत्रात वाचलं नाही असं होत नाही. १९९० च्या सुमारास त्यांनी पुण्याच्या एनसीएलमध्ये मोहन कुलकर्णी आणि रघुनाथ माशेलकर यांच्याबरोबर हायड्रोजेलवर शोधनिबंध लिहिले. पुढे अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात त्यांच्या गटाने कृत्रिम झडपा का खराब होतात यावर बरंच काम केलं.

ग्लुटाराल्डिहाइड प्रथिनांमधल्या अमिनो गटांना पकडतं. कोलॅजनला ते छान बांधतं. जीएजी साखरेच्या साखळ्या आहेत, त्यांना ते पकडू शकत नाही. इलॅस्टिनलाही ते नीट स्थिर करत नाही. झडपेच्या पाकळीत तीन थर असतात, आणि मधल्या थरात जीएजी भरपूर. पाकळी वाकते तेव्हा वरचा आणि खालचा थर एकमेकांवरून सरकतात, आणि मधला थर वंगणासारखा वागतो. जीएजी निघून गेले तर पाकळी वाकताना तिला घड्या पडायला लागतात.

हे तपासायला क्लेमसनच्या गटाने जीएजी कापणारी एन्झाइम्सच वापरली. ज्या शत्रूने शरीरात हल्ला करायचा, तोच प्रयोगशाळेत सोडायचा, आणि कुठली प्रक्रिया केलेली झडप टिकते ते बघायचं. उपाय म्हणून त्यांनी नियोमायसिन वापरून पाहिलं. अँटिबायोटिक म्हटलं की पिंपरीकरांना १९५४ साली स्थापन झालेली एचए कंपनी आठवते, पण इथे नियोमायसिनचं काम जंतू मारण्याचं नाही. ते हायलुरॉनिडेझला अडवतं आणि जीएजी ऊतीत टिकायला मदत करतं. इलॅस्टिनसाठी याच गटाने टॅनिक आम्ल आणि त्यातलंच पेंटागॅलॉइल ग्लुकोज वापरलं. हे हिरड्याच्या टॅनिनचं जवळचं नातेवाईक. चांभाराची युक्ती दुसऱ्या दाराने परत आली म्हणा ना.

अंदाज चुकतो तेव्हा

आता तुम्हाला वाटेल, घटक तीन, एन्झाइम्स ठरलेली, म्हणजे परिणाम आधीच सांगता येईल. तसं होत नाही.

लिगामेंटमध्ये कोलॅजनच्या शेजारशेजारच्या तंतूंमध्ये डर्माटन सल्फेट या जीएजीचे पूल असतात. हे पूल एका तंतूकडून दुसऱ्याकडे भार नेतात, असं बराच काळ मानलं जायचं. २००७ साली अमेरिकेतल्या युटा इथल्या गटाने माणसाच्या गुडघ्याच्या बाजूच्या लिगामेंटमधलं बहुतांश डर्माटन सल्फेट काँड्रॉइटिनेझने काढलं. ओढून बघितलं तर फरक जवळजवळ नाही.

त्याच लिगामेंटमध्ये इलॅस्टिन फक्त काही टक्के असतं. ते इलॅस्टेझने काढल्यावर मात्र ताण स्पष्ट घसरला आणि टो रीजन लांबला. प्रमाण कमी म्हणून काम कमी, असं गृहीत धरू नका.

तिसरं उदाहरण तर उलटंच. २००९ साली अथानासिऊ यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत कूर्चेवर काँड्रॉइटिनेझ वापरलं. एन्झाइमने कापलं, आणि ओढण्यातली ताकद वाढली! जीएजी पाणी धरून ऊती फुगवतात. ते काही काळ कमी झाले तर कोलॅजन दाट बसतं. पेशी जिवंत असल्याने त्या जीएजी पुन्हा बनवतात. मृत, पेशी काढलेल्या ग्राफ्टवर हाच परिणाम मिळेल असं मात्र धरून चालता येत नाही, कारण तिथे परत बनवणारं कोणी नसतं.

प्रयोगशाळेत फसवणाऱ्या चार गोष्टी

पहिली, जाडी. समजा पेरिकार्डियमची ५ मिलिमीटर रुंद, ०.४ मिलिमीटर जाड पट्टी आहे. २० न्यूटनला ती ठरावीक लांबीपर्यंत ताणली जाते. क्षेत्रफळ २ चौरस मिलिमीटर, म्हणून ताण १० मेगापास्कल. एन्झाइमच्या द्रावणात ती पाणी पिऊन ०.५ मिलिमीटर झाली. बल तेच, लांबी तीच, पण क्षेत्रफळ २.५, ताण ८ मेगापास्कल. तुमच्या आलेखात ऊती २० टक्के 'मऊ' झाली, आणि एकही तंतू तुटलेला नाही. म्हणून जाडी आधी आणि नंतर मोजा, आणि ताणाबरोबर मूळ बलाचा आलेखही द्या.

दुसरी, एन्झाइमचा आत शिरायचा वेळ. ट्रिप्सिन साधारण २३ किलोडाल्टनचं, काँड्रॉइटिनेझ एबीसी त्याच्या चार-पाच पट मोठं. ऊतीत ते पाझरत जातं, आणि पाझरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. घाई केली तर बाहेरचा थर गळालेला आणि आतला तसाच, आणि तुम्ही सरासरी आकडा छापता.

हे आपल्याकडे जास्तच लागू आहे. निबंधांमध्ये गाय-बैलाचं पेरिकार्डियम असतं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे म्हशीची किंवा शेळीची ऊती घ्यावी लागते. जाडी वेगळी, तंतूंची मांडणी वेगळी. निबंधातला "अमुक तास, ३७ अंश" तसाच उचलू नका. स्वतःच्या ऊतीवर वेळेचा आलेख काढा. ऊती आणण्याआधी संस्थेच्या समितीची परवानगी घ्यायचं विसरू नका.

तिसरी, तुलना कशाशी करायची. फक्त ताज्या ऊतीशी तुलना पुरेशी नाही. एक गट फक्त बफरमध्ये तेवढाच वेळ ठेवलेला हवा, कारण नुसतं भिजवल्यानेही काही घटक झिरपतात. दुसरा गट उष्णतेने निष्क्रिय केलेल्या एन्झाइमचा हवा. फरक जर या दोन गटांतही दिसला, तर तो कात्रीचा नाही.

चौथी, कात्री थांबवणं. धुऊन एन्झाइम पूर्ण जात नाही. कोलॅजनेझला कॅल्शियम आणि जस्त लागतं, म्हणून ईडीटीएने ते थांबतं. ट्रिप्सिनसाठी सोयाबीनमधला इनहिबिटर मिळतो. थांबवलं नाही तर मंगळवारी घेतलेला नमुना आणि शुक्रवारी घेतलेला नमुना यांत फरक दिसेल, आणि तुम्ही त्याचं कारण भलतीकडे शोधाल.

आणि या सगळ्याबरोबर रासायनिक मोजमाप हवंच. हायड्रॉक्सीप्रोलीनवरून कोलॅजन, डीएमएमबी रंगावरून जीएजी, हिस्टॉलॉजीवरून इलॅस्टिनचे तंतू. "काय कापलं?" या प्रश्नाचं उत्तर यूटीएम देत नाही.

शरीरात गेल्यावर

हृदयाची झडप वर्षाला साधारण पावणेचार कोटी वेळा उघडते-मिटते. तुमची टेन्साइल टेस्ट तिला एकदाच ओढते. शिवाय शरीराकडे स्वतःची एन्झाइम्स आहेत, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेझ नावाची, आणि ती ग्राफ्टवर लगेच कामाला लागतात. गुडघ्यातला ग्राफ्ट शस्त्रक्रियेच्या दिवशी जितका मजबूत असतो, त्यापेक्षा काही आठवड्यांनी कमजोर असतो, कारण शरीर जुनं कोलॅजन काढून नवं बसवत असतं. तुम्ही एन्झाइमने वाट आधीच मोकळी करून ठेवली असेल, तर पेशींना आत शिरायला सोपं जाईल, आणि ग्राफ्ट सैल पडायलाही. हा खरा व्यवहार आहे : पेशींना जागा द्यायची, पण ताकद कुठवर सोडायची?

याचं उत्तर चुकलं तर किंमत संशोधक मोजत नाही. ज्या फिटरचा गुडघा पुन्हा सैल पडतो, त्याची दुसरी शस्त्रक्रिया आणि बुडालेली हजेरी, ही ती किंमत.

मग सिनॉप्सिसमधलं वाक्य कसं लिहायचं?

"एन्झाइमने यांत्रिक गुणधर्म सुधारणे" हे वाक्य खोडा. त्याजागी असं काहीतरी लिहून बघा : "म्हशीच्या पेशीविरहित पेरिकार्डियममधले जीएजी काँड्रॉइटिनेझ एबीसीने टप्प्याटप्प्याने कमी करून, वाकण्यातला ताठपणा आणि तंतूंच्या दिशेतला ताण यांवर वेगवेगळा परिणाम होतो का, हे जाडी आणि कोलॅजनचं प्रमाण स्थिर आहे याची खात्री करून तपासणे, आणि नंतर क्रॉसलिंकिंग केल्यावर तो परिणाम टिकतो का, हे पाहणे."

वाक्य लांबलं, मान्य. पण यात घटक आहे, कात्री आहे, कुठला भार मोजायचा ते आहे, फसण्याची जागा ओळखलेली आहे, आणि उत्तर 'नाही' आलं तरी ते छापण्यासारखं आहे. युटाच्या गटाचं उत्तर 'फरक नाही' हेच होतं, आणि आज आपण ते वाचतो, कारण त्यांनी प्रश्न नीट विचारला होता.

मुलाखतीला जाण्याआधी आपल्या विषयातला एक निबंध घ्या आणि त्यातल्या प्रत्येक आलेखाशेजारी पेन्सिलने दोन गोष्टी लिहा : इथे काय कापलं गेलं, आणि लेखकांनी ते कशावरून ठरवलं. दुसरी जागा रिकामी राहिली, तर तिथे तुमचा विषय असू शकतो.